मळ आणि धातु : कलकत्त्याच्या पाणथळींतील माशांचा इतिहास

शहरांचा इतिहास लिहिणारे ग्रंथकार किल्ले, दरबार, बाजारपेठा आणि लढाया यांचें वर्णन मोठ्या हौसेनें करितात. पण त्या शहराचें सांडपाणी कोणत्या दिशेस गेलें, हा प्रश्न त्यांच्या लेखणीस सहसा शिवत नाहीं. वास्तविक नगराचें आरोग्य, नगराची भाजी आणि पुष्कळदां नगरांतील गरिबाचा घासही ह्याच प्रश्नाच्या उत्तरावर अवलंबून असतो. कलकत्त्याच्या बाबतींत तर हें उत्तर इतकें विलक्षण आहे कीं, तें सबंध सांगितल्यावांचून त्या शहराच्या ताटांतील माशाविषयीं एक अक्षरही न्यायानें लिहितां येणार नाहीं. शहराच्या पूर्वेकडील तळ्यांच्या गाळांत आणि तेथील माशांच्या शरीरांत शिसें, कॅडमियम, क्रोमियम इत्यादि जड धातु सांपडतात, असें संशोधक गेलीं कित्येक वर्षें सांगत आले आहेत. हे धातु तेथें कसे पोंचले, हा रसायनशास्त्राइतकाच इतिहासाचाही विषय आहे. आणि प्रस्तुत लेखांत आम्ही त्याचा विचार मुख्यत्वें इतिहासाच्या अंगानें करणार आहों.

कलकत्ता हुगळीच्या कांठीं वसलें आहे हें सर्वांस ठाऊक असतें. परंतु तेथील जमिनीचा उतार हुगळीकडे नसून उलट दिशेस, म्हणजे पूर्वेकडे आहे, ही गोष्ट थोड्यांच्याच ध्यानांत असते. नदीनें शतकानुशतकें आपल्या कांठावर गाळ टाकून तो उंच केला, आणि त्यामुळें पावसाचें व घरांचें पाणी आपोआप पूर्वेकडील खोलगट प्रदेशांत उतरूं लागलें. ह्या प्रदेशांत त्या काळीं खाऱ्या पाण्याचीं विस्तीर्ण तळीं होतीं. विद्याधरी नांवाची नदी समुद्राची भरती त्यांत आणून सोडी आणि ओहोटीबरोबर परत नेई. इंग्रजी अमदानींत शहर फुगत चाललें, पटकीच्या सांथी वारंवार येऊं लागल्या. तेव्हां विल्यम क्लार्क ह्या इंजिनियरानें १८५५ सालीं भूमिगत गटारांची योजना मांडली. तिचें मर्म इतकेंच कीं, निसर्गानें जो उतार दिला आहे त्याच्याशीं भांडूं नये. शहराचा मळ पूर्वेस नेऊन विद्याधरीच्या स्वाधीन करावा आणि पुढें समुद्रानें तो गिळावा. पुढील वीस वर्षांत ही योजना प्रत्यक्षांत उतरली. शहराचा केरकचरा टाकण्यासाठीं त्याच बाजूस धापा येथें सुमारें एक चौरस मैल जागा घेण्यांत आली, आणि १८७९ च्या सुमारास भवनाथ सेन यांनीं ती खंडानें घेऊन कचऱ्याच्या खतावर भाजीपाला पिकविण्यास आरंभ केला. टाकाऊ वस्तूंतून अन्न काढण्याची जी रीत ह्या भागांत पुढें रूढ झाली, तिचा हा प्रारंभ होय.

परंतु नदीचा स्वभाव योजनेच्या कागदाप्रमाणें चालत नाहीं. वरून येणारें गोडें पाणी आटत गेलें, बांधांमुळें भरतीस पसरण्यास जागा उरली नाहीं, शहराचा गाळ सांचत राहिला, आणि विद्याधरीचें पात्र हळूहळू भरून आलें. १९२८ सालीं ती मृत झाल्याचें सरकारनें जाहीर केलें. समुद्राचें पाणी यावयाचें बंद झालें, तेव्हां ज्यांची उपजीविका खाऱ्या पाण्यांतील माशांवर चाले त्यांच्यापुढें उपासमार उभी राहिली. अशा वेळीं, म्हणजे १९३० च्या सुमारास, तेथील कांहीं तळेंमालकांनीं शहराचें सांडपाणी मोजून मापून आपल्या तळ्यांत घेतलें व त्यांत गोड्या पाण्यांतील मासे सोडले. ह्या मंडळींत विधुभूषण सरकार यांचें नांव प्रामुख्यानें घेतलें जातें. मासे नुसते जगले नाहींत, तर झपाट्यानें वाढले. पुढें डॉ. बी. एन. दे ह्या इंजिनियरांनीं आंखलेल्या कालव्यांतून १९४३ सालापासून शहराचें पाणी दूर पूर्वेस कुलटी नदीकडे वाहूं लागलें. आणि वाटेंतील तळ्यांत हवें तेव्हां हवें तेवढें पाणी पंपावांचून, केवळ उताराच्या बळावर घेणें मच्छीमारांस शक्य झालें. एका नदीच्या मृत्यूंतून असा एक नवा धंदा जन्मास आला.

ह्या तळ्यांस बंगालींत ‘भेडी’ म्हणतात. शब्दाचा मूळ अर्थ बांध असा आहे. भेडीची खोली फार तर छातीइतकी असते, आणि ह्या उथळपणांतच तिचें सारें सामर्थ्य आहे. हिवाळ्यांत तळें उपसून गाळ काढतात, तळ उन्हांत वाळवितात, मग त्यांत सांडपाणी घेऊन तें सुमारें तीन आठवडे तसेंच राहूं देतात. तेवढ्या अवधींत सूक्ष्म जंतु त्यांतील घाण कुजवितात, आणि त्यांतून सुटणाऱ्या खतावर व बंगालच्या प्रखर उन्हावर पाण्यांत हिरवें शेवाळ माजतें. हें शेवाळ पाण्यास प्राणवायु पुरवितें. त्यावर बारीक जलजीव पोसतात. आणि त्या सर्वांवर मासे. कटला वरच्या थरांत चरतो, रोहू मधल्या थरांत, आणि मृगल तळाचा गाळ उकरतो. आमच्याकडे विदर्भांतील तलावांतही हीच त्रयी पाळली जाते, म्हणून हीं नांवें वाचकांस अपरिचित नसतील. बांधाच्या कडेनें जलपर्णीचा पट्टा मुद्दाम राखलेला असतो. तो लाटांपासून बांधाचें रक्षण करतो, माशांस सावली देतो, आणि आपल्या मुळांवाटे पाण्यांतील कांहीं धातुही शोषून घेतो. ही सारी विद्या कोणत्याही पाठशाळेंत शिकविलेली नव्हती. पाण्याच्या रंगावरून व वासावरून त्याची परीक्षा करणाऱ्या अडाणी म्हणविल्या जाणाऱ्या माणसांनीं ती अनुभवानें सिद्ध केली होती.

ह्या विद्येची शास्त्रीय वर्तुळांत दखल घेतली जाण्यास अर्धें शतक जावें लागलें. १९८० नंतरच्या वर्षांत पश्चिम बंगाल सरकारच्या नोकरींतील ध्रुवज्योति घोष ह्या इंजिनियरांनीं शहराच्या मैल्याचें पुढें होतें तरी काय, ह्याचा शोध घेत ह्या भेड्या पायांखालीं घातल्या, आणि कलकत्त्यास निसर्गाचें एक मोठें शुद्धिगृह जवळजवळ फुकट लाभलेलें आहे, हें जगाच्या नजरेस आणून दिलें. तोंपर्यंत पुष्कळ जमीन गेलेली होती. १९६२ सालापासून हुगळीची रेती आणून तळीं बुजविण्यांत आलीं व त्यावर साल्ट लेक ही वसाहत उभी राहिली. उरलेला भाग तरी राहावा म्हणून एका नागरिक संस्थेनें उच्च न्यायालयांत दाद मागितली आणि १९९२ सालीं न्यायालयानें तेथील जमिनीचा उपयोग बदलण्यास मनाई केली. २००२ सालीं सुमारें १२,५०० हेक्टरांचा हा टापू रामसर कराराखालीं आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ म्हणून नोंदला गेला, आणि २००६ सालीं त्याच्या रक्षणार्थ राज्यानें स्वतंत्र कायदा केला. सुमारें अडीचशें भेड्या आणि वर्षास दहा हजार टनांच्या घरांत मासे, असा हा संसार आहे. मच्छीमार, मजूर, नाविक, डोक्यावर पाट्या घेऊन बाजार गांठणारे विक्रेते, अशा हजारों कुटुंबांची चूल त्यावर पेटते.

येथवर हा इतिहास एखाद्या सुभाषिताप्रमाणें गोड वाटतो. परंतु ह्या व्यवस्थेचा पाया ज्या एका गृहीत गोष्टीवर रचलेला होता तिचा आतां विचार केला पाहिजे. ती गोष्ट अशी कीं, शहरांतून येणारा मळ हा कुजणारा मळ आहे. जें कुजतें त्याचें खत होतें, खताचें शेवाळ होतें, शेवाळाचा मासा होतो आणि माशाचा माणूस होतो. हें चक्र शुद्ध आहे, आणि त्यांत किळस मानण्यासारखें शेतकऱ्यास तरी कांहीं दिसणार नाहीं. धातूची जात निराळी आहे. शिशाचा अणु कोणत्याही जंतूस पचवितां येत नाहीं. तो आपलें रूप बदलील, एका क्षारांतून दुसऱ्या क्षारांत जाईल, पाण्यांतून गाळांत व गाळांतून मुळांत शिरेल, पण नाहींसा होणार नाहीं. तळें उपसून गाळ बांधावर टाकला तर धातु तळ्यांतून बांधावर येतो, एवढेंच. ज्या युक्तीनें भेडीनें शहराच्या विष्ठेवर विजय मिळविला ती युक्ति धातूपुढें लंगडी पडते. दोन्ही पदार्थ एकाच गटारांतून आले, म्हणून ते एकच आहेत अशी समजूत करून घेणें, हें ह्या प्रकरणांतील सर्व अनर्थाचें मूळ आहे.

हे धातु गटारांत आले कोठून? त्यांतील मोठा वाटा कातडीं कमावण्याच्या धंद्याकडे जातो. पूर्वीं आपल्या देशांत कातडीं कमावण्यास बाभळीची साल, तरवड, हिरडा इत्यादि वनस्पति वापरीत. काम महिनोगणती चाले, पाणी घाण होई, पण ती घाण कुजणारी असे. १८८४ सालीं अमेरिकेंत ऑगस्टस शुल्ट्झ यानें क्रोमियमच्या क्षारांनीं कातडें कमावण्याच्या कृतीचें पेटंट घेतलें, आणि महिन्यांचें काम दिवसांवर आलें. ही नवी रीत जगभर पसरली, तशी कलकत्त्याच्या पूर्वसीमेवरील टांगरा, तिलजला, तोपसिया ह्या भागांतही आली. तेथें चीनमधून आलेल्या हक्का लोकांनीं हा धंदा नांवारूपास आणला. कुंडींत टाकलेल्या क्रोमियमपैकीं सगळें कातड्यास लागत नाहीं. बराच अंश पाण्याबरोबर बाहेर जातो, आणि टांगऱ्याचा उतार कोठें जातो हें आम्ही वर सांगितलेंच आहे. ह्याच्या जोडीस धातूस मुलामा देणारीं लहान दुकानें, जुन्या बॅटऱ्या वितळवून शिसें काढणाऱ्या भट्ट्या आणि रंगांचे कारखाने आले. २००० सालापर्यंत आपल्याकडे पेट्रोलमध्येंही शिसें मिसळीत. तें रस्त्यावर सांचे आणि पहिल्या पावसासरशीं गटारांत उतरे. विधुभूषण सरकारांच्या तळ्यांत जें पाणी आलें होतें तें, आणि पन्नास वर्षांनंतर त्यांच्याच शेजाऱ्यांच्या तळ्यांत आलेलें पाणी, हीं नांवानें एक असलीं तरी गुणानें एक नव्हतीं.

माशांतील धातु माणसाचा घात करूं शकतो, हें ज्ञान जगास फार महाग पडलें. जपानांत मिनामाता येथें चिस्सो कंपनीच्या कारखान्यांतून पारा समुद्राच्या खाडींत जात होता. १९५६ सालीं तेथें एका अज्ञात मज्जारोगाची अधिकृत नोंद झाली, १९५९ सालीं कुमामोतो विद्यापीठाच्या संशोधकांनीं त्याचें कारण सेंद्रिय पारा असल्याचें सांगितलें, आणि सरकारनें तें मान्य करण्यास १९६८ साल उजाडलें. ‘हें समुद्राचें झालें, गोड्या पाण्यांत तसें होणार नाहीं’ असें म्हणण्याची सोयही फार दिवस राहिली नाहीं. स्वीडनमध्यें १९६६ च्या सुमारास असें आढळून आलें कीं, तेथील माशांमधील पारा बहुतांशीं मेथिल-पारा ह्या अतिविषारी रूपांत असतो. आणि लवकरच हेंही सिद्ध झालें कीं, तळाच्या गाळांतील सूक्ष्म जंतुच साध्या पाऱ्याचें हें रूपांतर करितात. कॅनडांत ड्रायडन येथील कागदाच्या लगद्याच्या कारखान्याच्या आवारांतून १९६२ ते १९७० ह्या काळांत सुमारें दहा टन पारा वाबिगून नदींत गेला. त्या नदीच्या माशांवर जगणाऱ्या ग्रासी नॅरोज येथील आदिवासींची मासेमारी १९७० सालीं बंद पडली. धंदा गेला, अन्न गेलें आणि शरीरही गेलें. त्या वस्तीचें दुखणें पन्नास वर्षांनंतरही मिटलेलें नव्हतें.

ह्या उदाहरणांवरून कलकत्त्याचाही निकाल एकदम लावून टाकण्याचा मोह होतो. पण तेथें विवेक पाहिजे. सर्व धातु सारखे वागत नाहींत. मेथिल-पारा माशाच्या मांसांतच मुरतो, आणि लहान माशास खाणाऱ्या मोठ्या माशांत पायरीपायरीनें वाढत जातो. म्हणून तो धुऊन, शिजवून वा कापून काढतां येत नाहीं. शिसें मुख्यतः हाडें, खवले व कल्ले यांत बसतें. कॅडमियम यकृत आणि मूत्रपिंड यांत. आणि कातडीं कमावण्यांतील त्रिसंयुजी क्रोमियम बहुतेक गाळास चिकटून राहतो. शेवाळावर व गाळावर जगणारे रोहू-कटलासारखे मासे अन्नसाखळींत खालच्या पायरीवर असल्यानें पाऱ्याचें भय त्यांत शिकारी माशांपेक्षां कमी. उलट गाळ उकरणाऱ्या मृगलास इतर धातूंचा संसर्ग अधिक. म्हणूनच पूर्व कलकत्त्याच्या माशांविषयींचे निष्कर्ष तळ्यातळ्यागणिक, जातीगणिक आणि अवयवागणिक भिन्न येतात. कोठें मांस मर्यादेच्या आंत, तर कोठें तें मर्यादा ओलांडलेलें. माशांतील शिशाची आंतरराष्ट्रीय मर्यादा किलोमागें ०.३ मिलिग्रॅम आहे. परंतु ही मर्यादा खाण्याच्या मांसास लावतात, आणि बंगाली स्वयंपाकघर मांसापाशीं थांबत नाहीं. तेथें माशाचें डोकें हें मानाचें पान समजतात, डाळींत व भातांत घालून तें खातात. आंतडीं व चरबी यांचेही पदार्थ होतात. प्रयोगशाळेच्या कोष्टकांत जो अवयव ‘अखाद्य’ म्हणून गळतो तोच गरिबाच्या ताटांत पडत असेल, तर कोष्टकाच्या समाधानानें त्याचें रक्षण कसें व्हावें?

आणि हें विष घाई करीत नाहीं. कॅडमियम मूत्रपिंडांत शिरला म्हणजे त्याचा अर्धा भाग निघून जाण्यास दहा ते तीस वर्षें लागतात. शिशाची बालकाच्या मेंदूस निर्धोक अशी मात्राच माहीत नाहीं, असें जागतिक आरोग्य संघटना सांगते. कलकत्त्यास मिनामातासारखा प्रकोप झालेला नाहीं, ही समाधानाची गोष्ट खरी. परंतु जें विष एका रात्रींत मारीत नाहीं त्याचा पंचनामाही कोणी करीत नाहीं, हें विसरतां कामा नये.

ह्या परिस्थितींतून दोन निष्कर्ष काढले जातात, आणि आमच्या मतें ते दोन्ही घातक आहेत. पहिला असा कीं, ही सारी ओरड भेड्या बुडविण्यासाठीं आहे, तेव्हां धातूंचें नांवच काढूं नये. ह्यांत मच्छीमारांविषयींची कळकळ असली तरी ती आंधळी आहे; कारण तो मासा सर्वांत आधीं व सर्वांत जास्त मच्छीमाराचींच मुलें खातात. दुसरा निष्कर्ष अधिक संभावित दिसतो व म्हणून अधिक भयंकर आहे. तो असा कीं, मासे दूषित आहेत तर तळीं बुजवून टाकावीं. ज्यांची नजर त्या जमिनीवर आहे त्यांस हा युक्तिवाद फार आवडतो. पण तळें बुजविल्यानें शहराचा धातु कमी होत नाहीं; तो फक्त अडविणारा गाळ नाहींसा होतो, आणि तेंच पाणी अशुद्ध स्थितींत खालच्या गांवांच्या माथीं बसतें. रोगाची खूण दाखविणारी नाडीच कापून टाकण्यासारखें हें आहे.

तिसरा मार्ग इतिहासच दाखवितो. मळ आणि धातु हे जेथें एकत्र झाले, तेथेंच ते वेगळे केले पाहिजेत; म्हणजे कारखान्याच्या दारांत. १९ डिसेंबर १९९६ रोजीं सर्वोच्च न्यायालयानें टांगरा-तिलजला भागांतील सुमारें साडेपाचशें चर्मालयें तेथून हलविण्याचा आदेश दिला, तो ह्याच दिशेचा होता. त्यांच्यासाठीं बानतला येथें नवी चर्मनगरी वसविण्यांत आली व तेथें सामाईक शुद्धियंत्रें उभारण्यांत आलीं. हेतु योग्य होता. परंतु नकाशा उघडून पाहणारास दिसेल कीं, बानतला ह्याच पाणथळ टापूच्या लगत आहे. यंत्र जोंवर नीट चालतें तोंवर ठीक. तें ज्या दिवशीं थांबेल त्या दिवशीं धातूची वाट पूर्वींपेक्षां आखूडच आहे. यास्तव स्थलांतरानें प्रश्न सुटला असें न मानतां, वापरलेला क्रोमियम कुंडीपाशींच परत मिळविणें, मुलाम्याचें व भट्ट्यांचें पाणी घरगुती गटारांत मुळींच येऊं न देणें, आणि भेडीगणिक गाळ व मासा तपासून त्याचा निकाल मच्छीमारांस त्यांच्या भाषेंत सांगणें, हीं तीन कामें अखंड चाललीं पाहिजेत. त्यांत अशक्य असें कांहींच नाहीं. ज्या लोकांनीं पाण्याच्या वासावरून त्याची जात ओळखली, त्यांस धातूचें कोष्टक समजणार नाहीं असें मानणें हा त्यांचा अपमान होईल.

‘तळें राखी तो पाणी चाखी’ ही आमच्याकडील म्हण राखणदाराच्या लाभाविषयीं आहे. कलकत्त्याच्या पूर्वेस तिचा अर्थ उलटा झाला. तेथें ज्यांनीं तळें राखलें, त्यांच्या वांट्यास दुसऱ्यांनीं त्यांत टाकलेलें चाखणें आलें. आणि ज्यांनीं टाकलें ते त्या तळ्याच्या कांठींही राहत नाहींत. नव्वद वर्षांपूर्वीं मरत्या नदीच्या कांठच्या माणसांनीं शहराची घाण पत्करली आणि तिच्या बदल्यांत शहरास अन्न दिलें. त्या देवघेवीचा लेखी करार कधीं झाला नाहीं. पण करार तो होता. मच्छीमारांनीं आपली बाजू पाळली आहे. शहरानें त्या पाण्यांत जें मिसळलें तें करारांत नव्हतें, आणि तें काढून घेण्याचें देणें शहराच्या अंगावर आहे.